अकरापैकी अकरा! 'द रिटर्न ऑफ द किंग'च्या ऑस्कर रात्रीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ज्यांनी आता-आता मोबाइलवर किंवा टीव्हीवर पाहिला, त्यांना एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. जुने चाहते त्या एका पुरस्कार सोहळ्याबद्दल बोलताना इतके हळवे का होतात? चित्रपटांना पुरस्कार तर दरवर्षीच मिळतात. नव्या मंडळींचे हे आणि असे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी या चित्रपटांची चाहती आहे, तेव्हा तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका. माहितीत मात्र कुठे हातचं राखलेलं नाही.

त्या रात्री नेमकं काय झालं?

२९ फेब्रुवारी २००४ला, म्हणजे लीप वर्षातल्या त्या जादा दिवशी, लॉस एंजेलिसच्या कोडॅक थिएटरमध्ये ७६वा ऑस्कर सोहळा झाला. सूत्रसंचालक होते बिली क्रिस्टल. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा आणि शेवटचा भाग असलेल्या, पीटर जॅक्सन यांच्या 'द रिटर्न ऑफ द किंग'ला अकरा नामांकनं होती आणि अकराही पुरस्कार त्यालाच मिळाले. शेवटचं पाकीट स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी उघडलं आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नाव घेण्याआधीच निर्भेळ यश मिळाल्याचं जाहीर करून टाकलं. सोहळा सुरू झाला तेव्हा भारतात सोमवारची सकाळ होती आणि चित्रपट जिथे घडला त्या न्यूझीलंडमध्ये सोमवारची दुपार.

अकरा पुरस्कार कोणकोणते?

सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा (फ्रॅन वॉल्श, फिलिपा बॉयेन्स आणि जॅक्सन), संकलन, कलादिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा, पार्श्वसंगीत, गीत, ध्वनिमिश्रण आणि व्हिज्युअल इफेक्ट्स.

यातला कलादिग्दर्शनाचा पुरस्कार पुस्तकाच्या चाहत्यांना विशेष जवळचा वाटला, कारण ग्रँट मेजर आणि डॅन हेना यांच्याबरोबर मंचावर ॲलन ली होते. मूळ कादंबरीचा लेखक टॉल्किन, त्याच्या पुस्तकांसाठी लींनी काढलेली जलरंगातली चित्रं पाहत वाचकांची एक अख्खी पिढी मोठी झाली होती. पुस्तकाच्या पानांवरचा रिव्हेंडेल, म्हणजे एल्फांचा मुलूख, ज्याच्या हातून उतरला, त्याच हाताने पडद्यावरचाही घडवला आणि त्यासाठी त्याला ऑस्कर मिळालं.

वेशभूषा आणि रंगभूषा या दोन्ही पुरस्कारांत रिचर्ड टेलर यांचं नाव आहे. वेलिंग्टनच्या मिरामार उपनगरातल्या त्यांच्या वेटा वर्कशॉपमध्ये साखळी चिलखतांसाठी एक कोटीहून अधिक कड्या हातांनी एकमेकींत अडकवल्या गेल्या. कॅमेऱ्यासमोर क्षणभर दिसणाऱ्या सैनिकासाठीही ही मेहनत घेतली होती. चाहते या चित्रपटांबद्दल बोलताना पात्रांइतक्याच मायेने कारागिरांची नावं घेतात, ते यामुळे.

हा विक्रम आहे का?

हो, आणि दोन अर्थांनी. एकूण पुरस्कारांत त्याने 'बेन-हर' (१९५९) आणि 'टायटॅनिक' (१९९७) यांच्याशी बरोबरी केली. पण 'बेन-हर'ला बारा नामांकनं होती, 'टायटॅनिक'ला चौदा. जितकी नामांकनं तितकेच पुरस्कार, या हिशेबात आधीचा उच्चांक नऊपैकी नऊचा होता आणि तो 'जीजी' आणि 'द लास्ट एम्परर' या दोघांच्या नावावर होता. अकरापैकी अकरा आजपर्यंत दुसऱ्या कुणालाही जमलेले नाहीत.

चाहत्यांना एवढं भरून का आलं? शेवटी पुरस्कारच तर होता.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिलं कारण तीन वर्षांची वाट. पहिल्या भागाला, 'द फेलोशिप ऑफ द रिंग'ला, २००२ साली तेरा नामांकनं मिळाली. त्या वर्षी कुणालाच त्याहून जास्त नव्हती. चाहते आशेने बसले आणि हाती आले चार पुरस्कार: छायाचित्रण, रंगभूषा, पार्श्वसंगीत आणि व्हिज्युअल इफेक्ट्स. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'अ ब्यूटिफुल माइंड'. पुढच्या वर्षी 'द टू टॉवर्स'ला सहा नामांकनं आणि दोन पुरस्कार. जॅक्सनना तर त्या वर्षी दिग्दर्शनाचं नामांकनसुद्धा नव्हतं. त्यामुळे २००४ साली पहिलं पाकीट उघडलं तेव्हा चाहत्यांच्या मनात उत्साहापेक्षा धाकधूक जास्त होती. एकेक पुरस्कार येत गेला, सहावा, सातवा, आठवा, तरी कुणी मोकळा श्वास घेईना. मोठे पुरस्कार शेवटी असतात आणि आधी दोनदा तिथेच हात रिकामे राहिले होते.

दुसरं कारण याहून जुनं आहे. अद्भुतरम्य चित्रपट म्हणजे पोरांची करमणूक, तंत्राचे पुरस्कार देऊन त्यांची बोळवण करायची, ही हॉलिवूडची रीतच होती. 'द विझार्ड ऑफ ऑझ' हरला 'गॉन विथ द विंड'पुढे, 'स्टार वॉर्स' हरला 'ॲनी हॉल'पुढे. १९८३च्या सोहळ्यात स्पीलबर्ग यांच्या 'ई.टी.'ला रिचर्ड ॲटनबरोंच्या 'गांधी'ने मागे टाकलं. त्या रात्रीचा आनंद आपल्याला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे, कारण 'गांधी'च्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया भारताच्या पहिल्या ऑस्कर विजेत्या ठरल्या. मी त्या विजयाच्या बाजूची आहे आणि 'ई.टी.'च्याही. पण एक लक्षात घ्या, दर वेळी हरणारा चित्रपट परग्रहाचा, जादूचा, दंतकथेचा होता. राक्षस आणि जादूगार असलेली कथाही माणसाच्या दुःखाबद्दल, मैत्रीबद्दल, मरणाबद्दल गंभीरपणे बोलू शकते, हे ज्यांना लहानपणापासून पटलेलं होतं, त्यांना चारचौघांत ते बोलून दाखवायची चोरी होती. जॅक्सन यांनी पुरस्कार घेताना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे आभार मानले ते याच गोष्टीसाठी: ट्रोल, जादूगार आणि हॉबिट यांच्या पलीकडे पाहिल्याबद्दल. ते वाक्य चाहत्यांच्या थेट काळजाला भिडलं.

आणि तिसरं, ही माणसं. जॅक्सन न्यूझीलंडचे. पहिला चित्रपट त्यांनी मित्रांना गोळा करून, सुटीच्या दिवशी, काही वर्षं खपून केलेला रक्तबंबाळ विनोदी भयपट होता. अशा माणसाने तीन भागांचं स्वप्न पाहावं आणि आधीच्या स्टुडिओने ते एकाच चित्रपटात कोंबायला सांगावं! शेवटी न्यू लाइन या दुसऱ्या स्टुडिओचे बॉब शे दोन भागांची कल्पना ऐकायला बसले आणि पुस्तकं तीन आहेत तर चित्रपट दोनच का, असं त्यांनीच विचारलं. ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात २७४ दिवस तिन्ही भागांचं मुख्य चित्रीकरण एकदमच झालं. पहिला भाग आपटला असता तर उरलेले दोन कुणी पाहिलेही नसते. ही जोखीम चाहत्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती आणि ते या संघाच्या पाठीशी उभे होते.

त्या रात्री चाहते कुठे होते?

जगभर, जिथे टीव्ही होता तिथे. अमेरिकेत हा सोहळा ४ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पण एक जागा आवर्जून सांगायला हवी. हॉलिवूडमध्येच चाहत्यांनी स्वतःच्या हिमतीवर आपली ऑस्कर पार्टी भरवली होती. कुणी एल्फ, कुणी हॉबिट, कुणी रोहानचे घोडेस्वार होऊन आले होते. रात्री उशिरा तिथे खुद्द जॅक्सन आणि त्यांचे सहकारी हातात ऑस्करच्या बाहुल्या घेऊन पोहोचले. स्टुडिओच्या झगमगत्या पार्ट्या त्या रात्री कमी नव्हत्या, तरी ही मंडळी चाहत्यांकडे आली. ही आठवण निघाली की आजही अनेकांचा आवाज कापरा होतो.

न्यूझीलंडमधला जल्लोष तर डिसेंबरपासूनच चालू होता. १ डिसेंबर २००३ला वेलिंग्टनच्या एम्बसी थिएटरमध्ये चित्रपटाचा जागतिक प्रीमियर झाला, तेव्हा एक लाखाहून अधिक माणसं रस्त्याच्या दुतर्फा उभी होती. देशाची तेव्हाची लोकसंख्या सुमारे चाळीस लाख. त्यामुळे ऑस्करच्या मंचावरून एकामागून एक न्यूझीलंडच्या लोकांचे आभार मानले जाऊ लागले, तेव्हा तिथे बहुतेकांच्या ओळखीत कुणी ना कुणी या चित्रपटासाठी राबलेलं निघालं असेल. आभार मानायला न्यूझीलंडमध्ये आता कुणी उरलंच नाही, असं बिली क्रिस्टल म्हणाले ते उगाच नाही. त्याच वर्षी तिथलीच किशा कॅसल-ह्यूज 'व्हेल रायडर'साठी अवघ्या तेराव्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकनात होती. तिला पुरस्कार मिळाला नाही, पण त्या देशाच्या अभिमानात तिचाही वाटा मोठा होता.

पुरस्कार तिसऱ्या भागाला होता की तिन्ही भागांना मिळून?

कागदोपत्री तिसऱ्या भागाला. मनातून तिघांना, आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही. हे चित्रपट एकत्र लिहिले गेले, एकत्र चित्रित झाले, एकाच कथेचे तीन टप्पे म्हणून प्रेक्षकांपुढे आले. टॉल्किननेही एक सलग कादंबरी म्हणूनच ती लिहिली होती. १९५४-५५मध्ये तिचे तीन खंड झाले ते प्रकाशकाच्या सोयीसाठी. 'पहिला भाग जास्त चांगला होता, तेव्हाच द्यायला हवा होता' असं म्हणणारे चाहते खूप आहेत आणि मलाही पहिल्या भागातली मोरियाची खाण तिसऱ्या भागातल्या कुठल्याही लढाईपेक्षा प्रिय आहे. तरी पूर्ण झालेलं काम पाहून शाबासकी दिली, यात अकादमीचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तिन्ही भागांची बेरीज तीस नामांकनं आणि सतरा पुरस्कार अशी आहे.

अभिनयासाठी एकही नामांकन कसं नाही?

ही जखम अजून ओली आहे. अकरा नामांकनांत अभिनयाचं एकही नव्हतं. असं आधी आणि नंतरही घडलं आहे: 'द लास्ट एम्परर' आणि मुंबईत घडणारा 'स्लमडॉग मिलियनेर' हेही अभिनयाच्या एकाही नामांकनाविना सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरले. पण शॉन ॲस्टिनचा सॅम पाहून थिएटरात रडलेल्या माणसाला ही आकडेवारी सांगून काय उपयोग? डोंगराच्या उतारावर तो फ्रोडोला पाठीवर घेतो, त्या एका प्रसंगावर त्याचं नाव यादीत यायला हवं होतं. संपूर्ण मालिकेत अभिनयाचं नामांकन फक्त एकदा मिळालं, पहिल्या भागातल्या गँडाल्फसाठी इयन मॅकेलन यांना, आणि ते जिंकले नाहीत.

अंगठीच्या मोहाने झपाटलेल्या गॉलमचा प्रश्न आणखी वेगळा. अँडी सर्किस यांनी सेटवर प्रत्यक्ष अभिनय केला, नंतर मोशन कॅप्चरच्या, म्हणजे हालचाली संगणकात टिपणाऱ्या पोशाखात पुन्हा केला, आवाज दिला, आणि त्यावर संगणकावर काम करणाऱ्या कलावंतांनी गॉलमचं शरीर चढवलं. हा अभिनय कुणाच्या नावावर धरायचा, यावर 'द टू टॉवर्स'पासून वाद झडला. माझं मत स्पष्ट आहे: स्वतःशीच भांडणाऱ्या गॉलमचा तो प्रसंग आधी नटाचा आहे, मग यंत्राचा.

दिलासा एवढाच की आठवडाभर आधी हॉलिवूडच्या नटांच्या संघटनेने, स्क्रीन ॲक्टर्स गिल्डने, सर्वोत्कृष्ट कलाकार संचाचा पुरस्कार याच चित्रपटाला दिला होता. या चित्रपटाचा अभिनय सामूहिक आहे, हे नटांनी बरोबर ओळखलं.

छायाचित्रणाचं नामांकन नव्हतं?

नव्हतं. अँड्र्यू लेस्नी यांना पहिल्या भागासाठी ऑस्कर मिळालं होतं, तिसऱ्यासाठी नामांकनही नाही. मिनास तिरिथ नगरापासून डोंगराच्या शिखराशिखरांवर एकेक मशाल पेटत जाते, ते दृश्य ज्याने पाहिलंय त्याला हे कधीच पटणार नाही. ब्रिटनच्या बाफ्ता पुरस्कारांत त्याच वर्षी लेस्नी याच चित्रपटासाठी जिंकले. ऑस्कर गेलं 'मास्टर अँड कमांडर'चे रसेल बॉइड यांना, आणि त्या चित्रपटातला समुद्र खरंच सुंदर टिपला आहे, हेही सांगितलं पाहिजे. लेस्नी २०१५ साली गेले.

म्हणजे इतर चित्रपटांवर अन्याय झाला का?

सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत 'मिस्टिक रिव्हर', 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन', 'मास्टर अँड कमांडर' आणि 'सीबिस्किट' होते. 'मिस्टिक रिव्हर'साठी शॉन पेन आणि टिम रॉबिन्स दोघांना अभिनयाचे पुरस्कार मिळाले, सोफिया कोपोलांना मूळ पटकथेचा. अभिनयाच्या चारही पुरस्कारांत 'रिंग्ज' स्पर्धेतच नव्हता, त्यामुळे सगळं एकाच्याच पदरात पडलं असं म्हणता येत नाही. परभाषिक चित्रपटाचा पुरस्कार कॅनडाच्या 'द बार्बेरियन इन्व्हेजन्स'ला मिळाला, तेव्हा त्याच्या निर्मात्या डेनीस रोबेर यांनी, आमच्या गटात 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' बसत नव्हता याबद्दल आभार मानले. सभागृह खळखळून हसलं.

पुस्तकाचे जुने वाचकही खूश होते का?

सगळे नाही, आणि त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं. टॉम बॉम्बाडिल हे पात्रच वगळलं, फारामिर या पात्राचा स्वभाव बदलला, आणि परत आलेल्या हॉबिटांना आपल्याच गावासाठी लढावं लागतं तो शायरचा शेवटचा भाग पूर्ण कापला. माझ्या मते कादंबरीचा सगळा अर्थ या शेवटच्या भागात एकवटला आहे: युद्ध लांब कुठे संपत नसतं, ते घरापर्यंत येतं. तो भाग चित्रपटात नाही, याचं मला दुःख आहे. टॉल्किनचे पुत्र क्रिस्टोफर यांनी तर २०१२ साली फ्रान्सच्या 'ल मोंद' वृत्तपत्राशी बोलताना या चित्रपटांबद्दल तीव्र नाराजी मांडली.

तरीही त्या रात्री कट्टर वाचकांपैकी बरेच जण टाळ्या वाजवत होते. चित्रपट पाहून पुस्तकाकडे वळलेली नवी पिढी त्यांना दिसत होती.

थिएटरात सारुमान दिसलाच नाही, तो कुठे गेला?

कापला. सारुमान या दुष्ट जादूगाराच्या भूमिकेतले क्रिस्टोफर ली यांचे प्रसंग थिएटरच्या आवृत्तीतून गाळले गेले. ली यांना ते लागलं आणि चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली. नंतर डीव्हीडीवर आलेल्या, जास्त लांबीच्या विस्तारित आवृत्तीत ते प्रसंग परत आले.

शेवट फार लांबलेला नाही का?

नाही. तीन चित्रपट सोबत चाललेल्या माणसांचा निरोप पाच मिनिटांत घेता येत नाही.

पुरस्कार मिळालेल्या गाण्यामागे काही खरी गोष्ट आहे म्हणतात?

आहे. चित्रपट संपल्यावर ॲनी लेनॉक्स यांच्या आवाजात येणारं 'इनटू द वेस्ट' हे गाणं फ्रॅन वॉल्श, हॉवर्ड शोअर आणि लेनॉक्स यांनी मिळून लिहिलं. त्याची प्रेरणा होता कॅमेरॉन डंकन, न्यूझीलंडचा एक किशोरवयीन चित्रपटकार. कर्करोगाशी झुंजत त्याने लघुपट केले आणि जॅक्सन-वॉल्श यांच्याशी त्याची मैत्री जुळली. नोव्हेंबर २००३मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी तो गेला. हे गाणं लोकांसमोर पहिल्यांदा गायलं गेलं ते त्याच्या अंत्यविधीत. पुढे विस्तारित आवृत्तीच्या डीव्हीडीवर त्याचे लघुपट घातले गेले, म्हणून जगभरच्या चाहत्यांपर्यंत त्याचं काम पोहोचलं. हे कळल्यावर ते गाणं पुन्हा एकदा शांतपणे ऐका.

ऑस्कर जिंकल्यानंतरही चित्रीकरण झालं, हे खरं का?

अगदी खरं. मार्च २००४मध्ये विस्तारित आवृत्तीसाठी मृतांच्या वाटेवर कवट्यांचा ढीग कोसळतो ते दृश्य चित्रित झालं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घरी आल्यावर त्याच चित्रपटाचं काम पुढे चालू ठेवणारे दिग्दर्शक जगात फारसे नसतील.

भारताशी काही नातं?

चित्रपटाशी थेट नाही. पण या कादंबरीवरची भव्य संगीतिका २००६ साली टोरांटोत रंगमंचावर आली, तिच्या संगीतकारांत ए. आर. रहमान होते.

त्यानंतर अद्भुतरम्य चित्रपटांना ऑस्करचं दार खरंच उघडलं का?

किलकिलं झालं. 'द शेप ऑफ वॉटर' २०१८च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. २०२३ला 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स'ने सात पुरस्कार नेले. पण मोठ्या पडद्यावरचं अख्खं काल्पनिक जग, त्याचा भूगोल, भाषा, वंशावळी यांसह जिंकलं, असं पुन्हा घडलेलं नाही.

पहिल्यांदा बघायचं तर कोणती आवृत्ती बघू? आणि पुस्तक मराठीत आहे का?

पहिल्यांदा थिएटरची आवृत्ती बघा. तिसरा भाग २०१ मिनिटांचा आहे, तेवढा पुरेसा आहे, आणि ऑस्कर मिळालं ते याच आवृत्तीला. जीव रमला तर विस्तारित आवृत्ती. तिसऱ्या भागात ती सुमारे पन्नास मिनिटांनी मोठी आहे आणि सारुमान तिथेच भेटेल. तिची श्रेयनामावली मध्येच बंद करू नका. कारागिरांनंतर अधिकृत फॅन क्लबच्या सदस्यांची नावं बराच वेळ सरकत राहतात.

पुस्तकाचा मराठी अनुवाद मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने केला आहे. सुरुवातीची पानं निवांत आहेत, शायरमधले वाढदिवस आणि जेवणावळी यांतच जातात. तिथे थांबू नका, निदान ब्री गावापर्यंत तरी वाचत जा.